अमेरिकेत नवरा-बायकोला किंवा आई-बाबांना बोलवायचंय? फॉर्म नंतर भरा, आधी तारखा आणि नावं बघा

लग्न ठरतं, मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते आणि घरात लगेच प्रश्न सुरू होतो की व्हिसाला किती दिवस लागतील. सगळे फॉर्म शोधायला लागतात. पण फॉर्म हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, खरं उत्तर तिकडच्या माणसाचं स्टेटस काय आहे आणि लग्नाची कायदेशीर तारीख काय आहे यात असतं. या दोन गोष्टी नीट बघितल्या नाहीत तर तीन-चार महिन्यांच्या कामाला तीन-चार वर्षं लागू शकतात, आणि ही वर्षं नवीन लग्न झालेल्या दोघांची असतात, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

तिकडचा माणूस एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) वर असेल तर इमिग्रेशनचा प्रश्नच नाही, बायको (किंवा नवरा) एच-४ म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर जाते, डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) भरायचा, अपॉइंटमेंट घ्यायची, लग्नाचं सर्टिफिकेट दाखवायचं. तिथे गेल्यावर नोकरी मात्र लगेच नाही करता येत, जोडीदाराचा आय-१४० म्हणजे नोकरीतून ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज अप्रूव्ह झालेला असेल (किंवा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवून मिळालेला असेल) तरच एच-४ वर वर्क परमिट मागता येतं.

तो सिटिझन असेल तर नवरा-बायको, २१ च्या आतली अविवाहित मुलं आणि आई-वडील हे सगळे इमिजिएट रिलेटिव्ह, यांना वार्षिक कोटा नाही, रांग नाही, जो वेळ लागतो तो फक्त कागद पुढे सरकायला लागतो. (आई-वडिलांसाठी फाइल करायला सिटिझन मुलाचं वय २१ पूर्ण हवं.) आय-१३० (नातेवाइकासाठी करायचा अर्ज) भरल्यापासून मुलाखतीपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं हे धरून चाला.

आणि तो ग्रीन कार्डवर असेल तर इथे खरी अडचण आहे. ग्रीन कार्डवाल्याला फक्त नवरा-बायको आणि अविवाहित मुलांसाठी फाइल करता येतं, आई-वडिलांसाठी नाही, भावंडांसाठी नाही. नवरा-बायकोची कॅटेगरी एफ-२ए, तिला कोटा आहे म्हणजे रांग आहे. २०२३ च्या सुरुवातीपर्यंत ही रांग काही काळ उघडी होती, त्या वर्षी एप्रिलमध्ये तारीख मागे गेली आणि नंतर काही वर्षांची वाट बघायची वेळ आली. स्टेट डिपार्टमेंटचं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघतं, त्यात आपली प्रायॉरिटी डेट (म्हणजे आय-१३० पोचल्याची तारीख) कुठे आहे ते बघत राहायचं, दुसरा मार्ग नाही.

लग्न ग्रीन कार्डच्या आधी की नंतर

हा भाग ज्यांच्या घरात स्थळं बघणं चालू आहे त्यांनी नीट वाचा. मुलाचं ग्रीन कार्ड नोकरीतून येतंय आणि ते अप्रूव्ह व्हायच्या आधी लग्न झालं असेल तर बायको त्याच्याच केसमध्ये धरली जाते. ती तिथेच असेल तर तिचा आय-४८५ (अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागायचा फॉर्म) भरता येतो आणि भारतात असेल तर नंतर फॉलो टू जॉइन म्हणून येऊ शकते, वेगळा आय-१३० नको, त्याचीच प्रायॉरिटी डेट तिला मिळते. पण ग्रीन कार्ड आधी हातात आलं आणि लग्न त्यानंतर झालं, मग ते एका दिवसाने का होईना, तर बायको एफ-२ए च्या रांगेत. आणि एच-४ चा रस्ताही तेव्हा बंद झालेला असतो कारण नवरा आता एच-१बी वर राहिलेला नसतो.

त्यामुळे मुलाची केस शेवटच्या टप्प्यावर असेल आणि हॉल मेच्या मुहूर्ताचा मिळाला असेल तर रजिस्टर लग्न आधी करून घ्यायचा विचार करा. महाराष्ट्रात हे स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ खाली होतं, ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एकजण नोटीस देण्याआधी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, शिवाय नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस संपते. म्हणजे मुलगा दोन आठवड्यांची सुट्टी काढून येणार असेल तर मुलीच्या पत्त्यावरून नोटिशीची तयारी आधीच सुरू करायला लागते. एकदा रजिस्टर लग्न झालं की कायद्याने तीच लग्नाची तारीख. नंतर वैदिक पद्धतीने थाटात लग्न करा, काही हरकत नाही, पण फॉर्ममध्ये सगळीकडे रजिस्टरची तारीख लिहायची आणि दुसरा सोहळा नंतर झाला हे विचारल्यावर सरळ सांगायचं. गोव्यातल्या लोकांनी लक्षात ठेवा की तिथे नागरी नोंदणीच कायदेशीर मानली जाते आणि दोनदा सह्या असतात, पहिली सही झाली म्हणजे लग्न झालं असं धरून तारीख लिहू नका.

आणि व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्न अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात चालत नाही. दोघं एकमेकांसमोर हजर नसताना झालेलं लग्न, त्यानंतर दोघं पती-पत्नी म्हणून एकत्र राहिल्याशिवाय धरत नाहीत.

तिकडचा माणूस सिटिझन असेल तर के-१ म्हणजे फियान्से व्हिसाही असतो, मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेले हवेत आणि तिथे पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करायचं. मला आपल्याकडच्या लोकांसाठी हा रस्ता फारसा पटत नाही. आपला साखरपुडा इतका मोठा असतो, हार घातलेले, अंगठ्या, पाचशे माणसं, की फोटो बघून समोरच्याला वाटू शकतं यांचं लग्न झालेलंच आहे, मग फियान्से कसले. शिवाय तिथे जाऊन परत आय-४८५ भरा, परत फी भरा. सरळ लग्न करून आय-१३० केलेला बरा.

ज्या चुकीने फाइल मरते

ग्रीन कार्डवाल्या आई-वडिलांनी २१ च्या वरच्या अविवाहित मुलासाठी किंवा मुलीसाठी फाइल केलेली असते (एफ-२बी) आणि आई-बाबा सिटिझन व्हायच्या आधी इकडे मुलीचं लग्न लावून देतात. त्या दिवशी ती पिटिशन आपोआप रद्द होते. उशीर होत नाही, रद्दच होते, ग्रीन कार्डवाल्यांच्या विवाहित मुलांसाठी कॅटेगरीच नाहीये. सिटिझन झाल्यावर लग्न केलं तर केस एफ-३ (सिटिझनची विवाहित मुलं) मध्ये जाते, रांग खूप लांब पण फाइल जिवंत. लग्न थांबवा असं मी कोणाला सांगणार नाही, पण निदान हे माहीत असताना निर्णय घ्या.

दुसरं, ग्रीन कार्डवाला नवरा मधेच सिटिझन झाला तर बायकोची केस रांगेतून बाहेर येते, नॅचरलायझेशन (नागरिकत्वाच्या) सर्टिफिकेटची कॉपी पाठवायची की झालं. पण मुलं जर आईच्या केसमध्ये जोडलेली असतील तर ती गळतात! इमिजिएट रिलेटिव्हच्या केसमध्ये कोणाला जोडून नेता येत नाही, प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० भरायला लागतो. हेच आई-बाबांचं. आईसाठी एक आय-१३०, बाबांसाठी दुसरा, आणि घरात धाकटी बहीण १७ वर्षांची असेल तर ती आई-बाबांबरोबर जाऊ शकत नाही.

भावंडांची कॅटेगरी एफ-४, फक्त सिटिझनला भरता येते. २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारतासाठी ही तारीख २००६ च्या आसपास होती. म्हणजे साधारण १९ वर्षांपूर्वी भरलेल्यांचा नंबर लागत होता. भरायचं असेल तर भरा, पण भाचे-पुतणे तोपर्यंत २१ च्या वर जातात आणि बहुतेक वेळा फाइलमधून बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या शिक्षणाचे बेत या फाइलवर आखू नका. काका, मावशी, आजी-आजोबा, सासू-सासरे यांच्यासाठी कॅटेगरी नाही, कोणी एजंट आहे म्हणत असेल तर तिथून उठा.

कागद आणि त्यावरची नावं

आय-१३० ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदावर ६७५ (एप्रिल २०२४ पासूनचे दर, भरायच्या दिवशी परत बघा). नवरा-बायकोसाठी बरोबर आय-१३०ए हा जोडीदाराच्या माहितीचा फॉर्मही. फॉर्म ऑनलाइनच भरा, अपलोड काय केलं ते दिसत राहतं.

मराठी घरात सगळ्यात जास्त वेळ नावांवर जातो. जन्मदाखल्यावर नुसतं "मुलगी" किंवा नावाची जागा कोरी, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर नवऱ्याचं नाव मधे, काही घरांत सासरी पहिलं नावसुद्धा बदललेलं, आणि स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर वेगळं. यावर उपाय एकच, आय-१३० आणि डीएस-२६० (इमिग्रंट व्हिसाचा फॉर्म) दोन्हींत इतर नावं विचारलेली असतात तिथे सगळी लिहा, माहेरचं, सासरचं, जुनं स्पेलिंग, काही सोडू नका. जन्मदाखल्यात नाव नसेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव चढवून घ्या, नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत ठेवा. आणि ज्या मुलींनी अजून पासपोर्ट बदललेला नाही त्यांना माझं सांगणं आहे की घाई करू नका, माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर ग्रीन कार्ड मिळतं, अमेरिकेला नाव बदललेलं लागत नाही, नातेवाइकांना लागतं.

आई-बाबांच्या पिढीत जन्मतारखेचा प्रश्न असतो. कितीतरी जणांची तारीख १ जून आहे कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. पासपोर्टवर १ जून, आणि ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये नोंदच नाही किंवा वेगळी तारीख. नोंद नसेल तर तसं अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र घ्यायचं, त्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला आणि जवळच्या दोन वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं, ज्यात जन्माची तारीख, गाव, आई-वडिलांची नावं आणि आपल्याला हे कसं माहीत आहे ते लिहिलेलं हवं. आत्या किंवा मामा हयात आहेत तोवर हे काम उरकून घ्या, थांबू नका. आणि नोंद सापडली पण तारीख वेगळी निघाली तर ती लपवायची नाही, दोन्ही कागद आणि खुलाशाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. तारीख वेगळी असणं समजावून सांगता येतं, खोटं बोलल्याचा शिक्का पुसता येत नाही.

नुसत्या मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं, खाली भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे असं लिहून सही करायची. आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची कोर्टाची सर्टिफाइड प्रत लागते, स्टॅम्प पेपरवरच्या काडीमोडीवर भरवसा ठेवू नका, अशा केसला आधी वकील बघा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, आणि वयाच्या १६ नंतर दुबई, मस्कत, सिंगापूर कुठेही १२ महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलंही लागतं, त्याला वेळ लागतो म्हणून ते पहिलं हातात घ्या.

लग्न खरं आहे याचा पुरावा म्हणून लोक हजार फोटो देतात. त्यापेक्षा क्रम दाखवा. स्थळ कोणी सुचवलं, पहिल्यांदा बोलणं कधी झालं, बघायला कधी गेले, साखरपुडा, लग्न, नंतर कोण कोणाकडे कधी गेलं, हे एका पानावर साध्या भाषेत लिहा आणि प्रत्येक टप्प्याचा एखादा पुरावा जोडा, लग्नपत्रिका, हॉलची पावती, तिकिटं, बोर्डिंग पास, घरच्यांबरोबरचे फोटो, विमा किंवा पीएफला लावलेलं नॉमिनेशन. ठरवून केलेलं लग्न मुंबईतल्या अधिकाऱ्यांना नवीन नाही, त्यासाठी लव्ह मॅरेजची गोष्ट रचायची काही गरज नाही. आणि पैसे घेऊन कागदावर लग्न लावून देणारे भेटले तर लांब राहा, लग्न बनावट ठरलं तर त्या माणसासाठी पुढची खरी पिटिशनसुद्धा मंजूर होत नाही.

पैशाची हमी

आय-१३० मंजूर झाला (आणि रांग असेल तर नंबर जवळ आला) की केस एनव्हीसी (नॅशनल व्हिसा सेंटर) कडे जाते. तिथे माणशी ३२५ डॉलर आणि हमीपत्राचे १२०, मग डीएस-२६० आणि आय-८६४ (हेच ते हमीपत्र). हमी देणाऱ्याचं उत्पन्न फेडरल पॉव्हर्टी गाइडलाइनच्या (तिकडच्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या) १२५ टक्के हवं, २०२५ च्या आकड्यांनी दोन माणसांना २६,४३७ डॉलर. पण माणसं नीट मोजा. मुलगा, सून, एक नातू आणि येणारे आई-बाबा म्हणजे पाच, तेव्हा आकडा ४७,०६२. कमी पडलं तर तिथे राहणारा दुसरा कोणी सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला जॉइंट स्पॉन्सर होऊ शकतो. गावचा प्लॉट, फ्लॅट दाखवता येतो पण तो वर्षभरात विकून पैसे होतील हे सिद्ध करायला लागतं, त्यापेक्षा जॉइंट स्पॉन्सर सोपा.

सही करणाऱ्याने समजून सही करावी. ही हमी घटस्फोट झाला तरी संपत नाही, येणारा माणूस सिटिझन होईपर्यंत किंवा त्याच्या कामाचे ४० क्वार्टर, म्हणजे साधारण दहा वर्षं, भरेपर्यंत चालते (तो कायमचा देश सोडून गेला किंवा वारला तर संपते).

मेडिकल आणि बीकेसी

भारतातल्या इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईत, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समधल्या कॉन्सुलेटमध्ये होतात. पत्र आलं की लगेच मेडिकल, तेही ठरवून दिलेल्या पॅनल डॉक्टरांकडेच. १५ वर्षांच्या वर छातीचा एक्स-रे, २ ते १४ च्या मुलांची टीबीसाठी रक्ततपासणी, आणि लसी. आई-बाबांपैकी कोणाला पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर जुने रिपोर्ट आणि औषधांचे कागद शोधून घेऊन जा. एक्स-रेत काही दिसलं तर तीन दिवस थुंकीचे नमुने आणि कल्चरला आठेक आठवडे जातात. म्हणून मेडिकल मुलाखतीच्या दोन दिवस आधी ठेवू नका आणि व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट, घर रिकामं करणं, नोकरीचा राजीनामा यातलं काही करू नका.

फिंगरप्रिंटची वेगळी अपॉइंटमेंट असते ती चुकवू नका. मुलाखतीला मोबाइल आत नेता येत नाही, बाहेर कोणीतरी बरोबर असू द्या. सगळ्या अपलोड केलेल्या कागदांच्या ओरिजिनल प्रती न्या. आई-बाबांना इंग्रजी येत नसेल तर मराठीत बोलता येतं, उगाच पाठ केलेली इंग्रजी वाक्यं नकोत. प्रश्न साधे असतात, मुलगा कधी गेला, काय करतो, नातवंडं किती, तुम्ही आधी गेला होतात का. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली तर घाबरू नका, काहीतरी कागद हवाय किंवा तपासणी बाकी आहे एवढाच त्याचा अर्थ, मागितलंय तेवढंच आणि नीट द्या.

आई-बाबांना विचारलंय का

मुलं प्रेमापोटी फाइल करून टाकतात आणि आई-बाबा प्रेमापोटी नाही म्हणत नाहीत. ग्रीन कार्ड हे तिथे राहण्यासाठी आहे. वर्षातले आठ महिने सांगलीत काढायचे असतील तर सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिल्यावर विमानतळावर प्रश्न सुरू होतात आणि वर्षाच्या वर गेलं तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही, आधी तिथे असतानाच री-एंट्री परमिटचा अर्ज करून ठेवायला लागतो. ६५ च्या वरच्यांना तिथे कधीच नोकरी केलेली नसताना पैसे भरून मेडिकेअर (तिकडचा सरकारी आरोग्य विमा) घ्यायचं तरी ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यावरच, तोपर्यंत इन्शुरन्सचा खर्च मुलावर. आणि कार्ड घेतलं की भारतातली पेन्शन, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं सगळं अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचं, अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम असेल तर एफबार (या खात्यांची माहिती देणारा फॉर्म) वेगळा. निवृत्त माणसाच्या एफडी मिळून हा आकडा सहज ओलांडला जातो.

ज्यांना नातवंडांबरोबर काही महिने काढून परत आपल्या माणसांत यायचंय त्यांना दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा पुरतो. दोघांपैकी एकजण गेल्यावर मागे राहिलेल्याला एकटं ठेवायचं नाही, किंवा इथे बघणारं कोणीच नाही, अशा घरात ग्रीन कार्ड खरंच हवं. पण व्हिजिटरवर नेऊन तिथेच ठेवायचं असा बेत मनात धरून जाऊ नका, आत शिरताना वेगळं सांगितलं आणि मनात वेगळं होतं असं ठरलं तर अख्खी केस अडचणीत येते.

पोचल्यावर

निघायच्या आधी इमिग्रंट फी भरा, २३५ डॉलर (हाही २०२४ चा दर), नाहीतर कार्ड छापून येत नाही. कार्ड येईपर्यंत पासपोर्टवरचा शिक्का मारलेला व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डासारखाच चालतो.

अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ (दोन वर्षांची अट काढायचा फॉर्म) भरायचा, त्यासाठी पहिल्या दिवसापासून दोघांच्या नावाचं भाड्याचं ॲग्रीमेंट, बँक खातं, इन्शुरन्स, टॅक्स रिटर्न जमा करत राहा. आणि नवीन गेलेल्या मुलींनो, तुमचा पासपोर्ट, कार्ड आणि लग्नाचं सर्टिफिकेट तुमच्याच ताब्यात ठेवा, स्कॅन माहेरी पाठवून ठेवा. घरात मारहाण, छळ होत असेल किंवा लग्न मोडलं तर नवऱ्याच्या सहीशिवाय एकटीने आय-७५१ भरायची सोय कायद्यात आहे, त्या अर्जाला ९० दिवस येईपर्यंत थांबावं लागत नाही. "तुझं ग्रीन कार्ड माझ्या हातात आहे" असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही.